कुणाकडे?

दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या वेळी एखादी पन्नाशीची बाई बॅग घेऊन दिसली, की ओळखीचं माणूस तिला पहिला प्रश्न कोणता विचारतं? ‘कुठे?’ असा नाही हं. ‘कुणाकडे?’ असा! आपल्याकडे बाई गावाला जाते ती कुणाकडे तरीच जाते. माहेरी जाते, लेकीच्या बाळंतपणाला जाते, नणंदेकडच्या लग्नाला, नाहीतर दिराच्या दहाव्याला जाते. आधी माणूस, मग गाव. आणि एकटी गेली तरी दोन्ही टोकांना माणसं उभी. इकडे सोडायला मुलगा, तिकडे उतरवून घ्यायला भाऊ. मधला डब्यातला वेळ काय तो तिचा, आणि त्यातही समोरची विचारतेच, ‘‘कुणी येणारे ना न्यायला?’’

मैत्रिणींनो, गेल्या फेब्रुवारीत मी चार दिवस रेल्वेनं एकटी फिरून आले. कुणाकडेही न जाता. त्याआधी महिनाभर माझा एकच उद्योग चालला होता, गावं निवडण्याचा. परत आल्यावर ‘काय काय बघितलंस’ असं सगळ्यांनी विचारलं, पण ‘नेमकी हीच गावं का’ असं कुणी विचारलं नाही. मला तर सगळी मजा त्या निवडण्यातच आली. म्हणून आज त्याबद्दलच सांगते.

मी जन्मानं गिरगावची, सासर लालबागचं. आमच्या लालबाग-परळमध्ये या ‘कुणाकडे’ला जुना इतिहास आहे. गिरण्यांमध्ये कामाला कोकणातून, घाटावरून जी माणसं आली ती बहुतेक एकटे पुरुष. बायका गावी शेती आणि म्हातारी माणसं सांभाळत राहिल्या. इथे एका खोलीत दहा-बाराजण झोपायचे, जेवायला खानावळीत जायचे. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली एकत्र आणलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, ते याच गिरणगावात. पण प्रवासाचं म्हणाल, तर गावची बाई मुंबईला यायची ती नवऱ्याकडे आणि परत जायची ती सासूकडे. माझ्या सासूबाई अशाच संगमेश्वराकडच्या खेड्यातून लालबागला आल्या. पुढे गिरण्यांचा १९८२ चा संप पाहिला, चाळ पडून टॉवर झालेला पाहिला, पण आयुष्यात स्वतःच्या हातानं गाडीचं तिकीट म्हणून काढलं नाही. कधी कुणी काढू दिलंच नाही.

त्या शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी त्यांचं केलं. त्याची तक्रार नाही, आमचं दोघींचं बरं जमायचं. त्या गेल्या, वर्षश्राद्ध झालं, आणि एके दिवशी फोनवर माझी भाची मला म्हणाली, ‘‘मावशी, आता तरी तू कुठेतरी जा. तुला कुठे जायचंय?’’

मी गप्प! अठ्ठावन्न वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलेलाच नव्हता. मुलांना समुद्र हवा, ह्यांना थंड हवा हवी, सासूबाईंना देव हवा, हे सगळं मला पाठ. मला काय हवंय, ते काही केल्या सांगता येईना.

ही भाची म्हणजे मावसबहिणीची मुलगी. वाढली दादरला. काळ्या घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकली आणि आता नोकरीसाठी स्टुटगार्टला असते. सुट्टी मिळाली की ही पोरगी पाठीवर सॅक टाकून एकटी छोट्या छोट्या गावांना जाते. तिकडे मे २०२३ पासून ‘डॉइचलँड टिकिट’ नावाचा पास निघालाय. आधी ४९ युरोंना होता, वाढत वाढत जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. म्हणजे आपले साधारण साडेसहा हजार रुपये. देशभरातल्या लोकल, पॅसेंजर, गावातल्या ट्राम आणि बस, सगळ्यांत तो महिनाभर चालतो. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र नाही. आपला लोकलचा पासच समजा, फक्त अख्ख्या देशाचा.

‘‘पण गावं निवडतेस कशी गं?’’ मी विचारलं. तिचं उत्तर मी वहीत लिहून घेतलं.

‘‘हे बघ मावशी, कॅलेंडरवर असतं ना, लाकडी पट्ट्यांची घरं आणि भोवती तटबंदी, ते रोथेनबुर्ग. सगळं जग तिथे जातं. पण मुख्य मार्गावरून तिथे जायला श्टाइनाखला उतरून गाडी बदलावी लागते, आणि पोचलं की दुपारभर टूरच्या बसगाड्यांची जत्रा. एकट्या माणसाला तिथे टेबलसुद्धा मिळत नाही. मी बांबेर्गला गेले. नदीच्या मधोमध, पुलावर बांधलेलं जुनं नगरभवन आहे तिथे. आख्खं जुनं गाव १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. स्टेशनवरून चालत गेले, चालत आले. आणि ट्युबिंगेन तर माझं लाडकं. विद्यापीठ १४७७ सालचं! गावात जिकडेतिकडे विद्यार्थी. मग एकटी मुलगी पुस्तक घेऊन नदीकाठी दोन तास बसली तरी कुणी वळून बघत नाही.’’

थोडक्यात तिचे नियम असे. स्टेशनपासून गावचा चौक पायी गाठता आला पाहिजे. मुक्काम एका ठिकाणी टाकायचा आणि तिथून जवळपास फिरायचं, रोज बॅग उचलायची नाही. आणि गाव असं निवडायचं, की जिथे एकटी बाई दिसणं ही तिथल्या लोकांना नवलाई नाही.

हा शेवटचा नियम माझ्या डोक्यात घर करून बसला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना चहा दिला, जेवणाच्या टेबलावर रेल्वेचा नकाशा पसरला आणि पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या नियमालाच निम्मी गावं गळाली! साताऱ्याला जावं म्हटलं, तर स्टेशन माहुलीला. कऱ्हाडचं ओगलेवाडीला. नाशिकचं नाशिकरोडला. रत्नागिरीचं गावाबाहेर, सावंतवाडीचं मळगावात. सावंतवाडीवर माझा फार जीव. मोती तलाव, लाकडी खेळणी, गंजिफा. शिवाय तुतारी एक्स्प्रेस थेट आमच्या दादरहून सुटते. पण स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापासून दिवसाची सुरुवात नको वाटली.

तिकडे स्टेशन गावाला लागून आणि आपल्याकडे लांब, हे असं का? रेल्वे तर दोन्हीकडे थोड्याफार फरकानं एकाच काळात आली. जर्मनीत पहिली गाडी १८३५ मध्ये न्युर्नबेर्गहून सुटली, आपली बोरीबंदरहून १८५३ मध्ये. तिकडे रूळ टाकले ते बहुधा जुन्या तटबंदीच्या लगत, कारण गावाच्या लोकांना बाजाराला, कामाला जायचं होतं. आपल्याकडे इंग्रजांना कापूस बंदरात न्यायचा होता आणि पलटणी हलवायच्या होत्या. कमी चढ, कमी पूल, सरळ मार्ग बघून रूळ गेले. गाव वाटेत आलं तर आलं. साताऱ्याचंच बघा ना, गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आणि रूळ कृष्णेच्या काठानं. कोकण रेल्वे तर स्वतंत्र भारतातली, १९९८ मध्ये पूर्ण झालेली, पण तिलाही डोंगर आणि खाड्या सांभाळतच जावं लागलं.

आपल्याकडे गावाचं खरं तोंड म्हणजे एसटी स्टँड. तो कसा अगदी बाजारपेठेच्या पोटात असतो. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. तेव्हा ज्यांना सातारा किंवा सावंतवाडी करायची त्यांनी खुशाल करा, स्टेशनबाहेर एसटीची वेळ जमते का तेवढी आधी बघून ठेवा. मला मात्र या खेपेला भाचीसारखं रुळावरून उतरून पायी गावात शिरायचं होतं.

माथेरान आणि लोणावळा मी विचारातच घेतलं नाही. थंड हवेच्या ठिकाणी सगळी जोडपी आणि कुटुंबं. तिथे एकटी बाई टेबलावर बसली की वेटर दोनदा विचारतो, ‘‘अजून कोण येणार आहे?’’ अमळनेर मनात फार होतं. साने गुरुजींची शाळा आणि २०२४ चं साहित्य संमेलन, दोन्ही तिथलंच. पण गाड्यांच्या वेळा जुळेनात, म्हणून ते पुढच्या हिवाळ्यावर टाकलं. वर्धा-सेवाग्रामला चार दिवस पुरणार नाहीत.

मग राहिलं काय? मिरज आणि पंढरपूर!

‘‘मिरज?’’ मुलगा हसायलाच लागला. ‘‘आई, मिरजेला गाडी बदलतात. तिथे कुणी फिरायला जात नाही.’’

घरच्यांचं पुराण थोडक्यात सांगते. मुलगा म्हणाला, बायकांच्या सहली असतात ना, त्यांच्याबरोबर जा, म्हणजे आम्हालाही टेन्शन नाही. सून काही बोलली नाही, पण हळूच माझ्या फोनमध्ये रेल्वेचं ॲप टाकून दिलं. आमचे हे म्हणाले, ‘‘मी येतो की बरोबर. रिकामाच तर आहे.’’ आता यावर काय बोलणार! माणूस प्रेमानंच म्हणतो. पण ते आले की त्यांच्या चहाची वेळ येते, गोळ्यांची डबी येते, ‘आता काय करायचं’ येतं. मी म्हटलं, ‘‘तुम्ही नंतर या, आपण दोघं कोल्हापूरला जाऊ. या चार दिवसांत मला मी कशी आहे ते बघायचंय.’’ ते पेपर वाचत राहिले. रात्री झोपताना म्हणाले, ‘‘खालची सीट घे.’’ हीच परवानगी समजायची! शेजारच्या वहिनींनी मात्र जिन्यात गाठून हळू आवाजात विचारलंच, ‘‘काही झालं का हो घरात?’’

या खालच्या सीटचं तुम्हालाही सांगून ठेवते, कारण पुष्कळ जणींना माहीत नसतं. पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेल्या, एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला रेल्वेत खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. तिकीट काढताना तो निवडावा लागतो. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मात्र २०२० मध्ये करोनाच्या वेळी गेली. तेव्हा बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निम्मं तिकीट पडायचं. मी अठ्ठावन्नची होईपर्यंत सवलतच उरली नाही, नशीब माझं! एकटीनं प्रवास करणाऱ्या बायकांसाठी रेल्वे पोलिसांची ‘मेरी सहेली’ योजना २०२० मध्येच सुरू झाली. माझ्या डब्यात खरंच दोन महिला कॉन्स्टेबल आल्या, सीट नंबर लिहून घेतला, १३९ नंबर लक्षात ठेवा म्हणाल्या. त्यातली धाकटी जाताना म्हणाली, ‘‘काकू, कुणाकडे चाललात?’’ घ्या!

खरी अडचण राहण्याची. मी फोनवर एकेक लॉज विचारत गेले. एका ठिकाणी सगळं ठरलं, भाडं ठरलं, आणि मग तिकडून आवाज आला, ‘‘बरोबर जेन्ट्स कोण आहेत?’’ कुणी नाही म्हटल्यावर, ‘‘एकट्या लेडीजला आम्ही देत नाही मॅडम.’’ वय सांगितलं, बँकेतली निवृत्त आहे सांगितलं. ‘‘तसं नाही, पण मालकांचा नियम आहे.’’ असा कुठलाही कायदा नाही बरं का! ओळखपत्र दाखवलं की झालं. पण कायदा फोनवर दाखवून खोली मिळत नाही. फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते, रागानं. ज्या बाईनं बत्तीस वर्षं लोकांना घराची कर्जं मंजूर केली, तिला एका रात्रीची खोली द्यायला बरोबर पुरुष लागतो!

मिरजेत तसं झालं नाही, आणि का झालं नाही ते तिथे गेल्यावर समजलं. फोनवर त्या लॉजवाल्यानं फक्त एवढंच विचारलं, ‘‘पेशंट कुठं ॲडमिट आहे?’’

मिरज हे दवाखान्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम वानलेस नावाच्या कॅनडात जन्मलेल्या डॉक्टरनं तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढे दवाखान्यामागून दवाखाने झाले. आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रोज माणसं येतात. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बहीण पेशंटसोबत आलेली असते. रात्रीबेरात्री एकट्या बाईनं खोली मागणं, एकटीनं खानावळीत जेवणं, औषधाच्या दुकानासमोर उभं राहणं, यात मिरजेला काही नवल नाही. भाचीच्या ट्युबिंगेनला जे विद्यार्थ्यांनी केलं, ते मिरजेला आजारी माणसांच्या बायकांनी केलंय. हा हिशेब जुळला तेव्हा मी एकटीच हसले. हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

दादरहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसले आणि उजाडता उजाडता मिरजेला उतरले. माझा स्वतःचा म्हणून एक नियम होता, अंधारात निघायचं पण उजेडात पोचायचं. नव्या गावात दिवस हातात असला की निम्मी भीती जाते. स्टेशनवरच चहा घेतला. याच स्टेशनातून २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याची गाडी गेली होती, आठवतंय ना? मग पायी निघाले. विसाव्या मिनिटाला दर्ग्याच्या बाजूला, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत.

तिथलं दृश्य सांगते. बारकी बारकी दुकानं, आणि आत छपराला वाळलेले भोपळे टांगलेले. हे भलेमोठे! त्या भोपळ्यांचे तंबोरे होतात. मूळचे हे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तसे एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एका कारागिरानं मला जवारी काढताना बघू दिलं. घोडीवर कानसीनं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा इतकंसं घासायचं. तासभर! बाईचा तंबोरा वेगळा असतो, आकारानं लहान, हेही मला तिथेच कळलं. हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये याच मिरजेत जन्मल्या. तिकीट लावून जाहीर गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या पहिल्या बायकांमध्ये त्यांचं नाव घेतात. त्यांचे वडील अब्दुल करीम खाँ यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे. तिथे जरा टेकले. कुणी काही विचारलं नाही.

विचारलं ते गल्लीच्या टोकाला पिको-फॉल करणाऱ्या एका बाईंनी. माझ्या ओढणीची शिवण उसवली होती, ती घालून घ्यायला गेले.

‘‘कुणाकडं आलाय?’’

‘‘कुणाकडे नाही. मिरज बघायला आलेय.’’

त्यांनी मशीनच थांबवलं. ‘‘मिरज? हितं काय बघायचंय? हितं मानसं दवाखान्याला येत्यात.’’

मी भोपळ्यांचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘पंचवीस वर्सं झाली या गल्लीत, रोज जातायेता बघते. आत जाऊन कवा बघितलं न्हाई.’’ मग दुकान शेजारच्या पोराच्या हवाली करून त्या माझ्याबरोबर निघाल्या आणि मला लक्ष्मी मार्केट दाखवलं, कोपऱ्यावरची भज्यांची गाडी दाखवली. चालता चालता म्हणाल्या, ‘‘तुमचं बरं हाय ताई. आमी कुठं गेलो तर सांगायचं काय?’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं तरी कुठं बरं होतं! मी त्यांना जिन्यातल्या वहिनींची गोष्ट सांगितली, तेव्हा खूप हसल्या. निघताना एकमेकींचे नंबर घेतले.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं किर्लोस्करवाडीला जाऊन आले. तिथे काय आहे? कारखाना, वसाहत, झाडं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हा ते कुंडल रोड स्टेशन होतं. माझं कारण वेगळंच होतं. ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये या आडगावातून निघायला लागलं. माझी आई गिरगावात वाचनालयातून ‘स्त्री’चे अंक आणायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचायची. लहानपणी मला वाटे, ‘किर्लोस्करवाडी’ म्हणजे गिरगावातल्याच एखाद्या वाडीचं नाव असणार! झावबावाडी, फणसवाडी, तशी किर्लोस्करवाडी. त्या स्टेशनच्या बाकावर अर्धा तास बसले, केळी खाल्ली, पाटीचा फोटो काढला आणि परतीची गाडी पकडली. बस, एवढंच. कुणाला सांगायला गेलं तर वेडगळपणा. पण माझ्या चार दिवसांतला हा भाग मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

मिरजेहून पंढरपूरची गाडी जुन्या बार्शी लाइटच्या वाटेनं जाते. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची गाडी. पुढे रूळ पंढरपूर आणि मिरजेपर्यंत आले, आता सगळं ब्रॉडगेज झालं. कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला. खिडकीतून कोरडं रान आणि मध्येच डाळिंबाच्या बागा. समोरच्या सीटवर सत्तरीच्या आजी होत्या, गळ्यात माळ, मांडीवर पिशवी. ‘‘एकटीच?’’ मी विचारलं. (मीसुद्धा तोच प्रश्न विचारला, बघा!) ‘‘व्हय. म्हाताऱ्याचं गुडघं गेल्यात, मग काय मी पन घरी बसू?’’

पंढरपूर मी मुद्दाम वारी आणि एकादशी टाळून धरलं होतं. स्टेशनवरून देऊळ चालत जाण्याजोगं. राहायला लालबागच्या एका माळकरी काकूंनी सांगितलेला मठ. सतरंजी, कॉट आणि पहाटे कढत पाणी. वहीत माझं एकटीचं नाव लिहिलं, त्यापुढे कुणी कुणाचं नाव मागितलं नाही. आणि गंमत बघा, दोन दिवसांत पंढरपुरात मला एकाही माणसानं ‘कुणाकडे’ विचारलं नाही. चंद्रभागेच्या पायऱ्यांवर माझ्यासारख्या कितीतरी एकट्या बायका. कुणी लुगडं वाळवतेय, कुणी नुसतीच पाण्याकडे बघत बसलीय. विधवा, सवाष्णी, सुनांवर रुसून आलेल्या, कुणावरही न रुसता आलेल्या. कित्येक पिढ्यांपूर्वी आपल्या बायकांनी हे एक गाव स्वतःसाठी मोकळं करून ठेवलंय, कुठल्याही योजनेशिवाय. मी देवळात गेले, रांगेत उभी राहिले, पायावर डोकं ठेवलं, सासूबाईंच्या नावानं बुक्का घेतला. त्यांना देव हवा असायचा ना. पण बराच वेळ गेला तो घाटावरच. आणि हो, मिरजेच्या तंबोऱ्यांचे ते भोपळे याच पंढरपूर भागात पिकतात.

परतताना कुर्डुवाडीला येऊन सोलापूरकडून येणारी गाडी घेतली. पंढरपूरहून दादरला थेट गाडीही आहे, पण ती रोज नसते, वेळापत्रक पाहून घ्या. चारही दिवसांचा राहण्याजेवणासकट खर्च भाचीच्या त्या एका पासाहून कमी आला. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘‘मावशी, पुढच्या वर्षी इकडे ये. बांबेर्गला तू एकटी जा, मी घरी थांबते.’’ पासपोर्टचा फॉर्म भरून ठेवलाय. बघू.

दिवाळीनंतर एक दिवस मिरजेहून फोन. पिकोवाल्या ताईंचा! त्यांना मुंबई बघायचीय. मुंबईत कुणी नातेवाईक नाही, दवाखान्याचंही काम नाही. लालबागचा मसाल्याचा बाजार बघायचाय, दादरचं फूलमार्केट बघायचंय आणि समुद्र. दादरला कुठल्या प्लॅटफॉर्मवर उतरायचं, गोंधळ होतो म्हणे. मी सांगितलं, डिसेंबर २०२३ पासून नंबर बदललेत, मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म आता आठपासून चौदापर्यंत आहेत, तुमची गाडी तिकडेच येईल. मग म्हटलं, ‘‘राहायला माझ्याकडेच या ना सरळ.’’

पलीकडे क्षणभर शांतता.

‘‘न्हाई ओ ताई. मग ते तुमच्याकडं आल्यासारखं हुतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऱ्हायचं मी बघते कुठंतरी. तुमच्याकडं चहाला येते.’’